दोन साइझ मोठी शॉर्ट्स परत कर

ताई, मला विसावा आठवडा चालू आहे. सायकल माझी रोजची. ऑफिसला जायला-यायला आणि सुटीच्या दिवशी जरा लांब. डॉक्टरांनी तपासून ‘सपाट रस्त्यावर, दमाने चालव’ असं सांगितलंय, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न कपड्यांचा आहे. जुन्या शॉर्ट्सचं इलॅस्टिक बेंबीखाली काचतं, घरी आल्यावर लाल वळ दिसतात. म्हणून दोन साइझ मोठी शॉर्ट्स मागवली. ती कमरेला बरी बसली, पण आतला पॅड गोळा होतो आणि जांघेत घासून चट्टे आले. जर्सी वर सरकते, पोट उघडं पडतं. गरोदरपणातले सायकलिंगचे कपडे म्हणून शोधलं तर हाताला फारसं काही लागत नाही. बिब शॉर्ट्स, म्हणजे खांद्यावरून पट्टे असलेली शॉर्ट्स, घेऊ का? घट्ट कपड्यांनी बाळाला काही होत नाही ना? आणि जेमतेम चार महिन्यांसाठी किती पैसे घालायचे?
– पोट पुढे, सायकल मागे

बाळाचं आधी सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. बाळ गर्भाशयाच्या जाड स्नायूंच्या आत, पाण्याच्या पिशवीत आहे. शॉर्ट्सच्या इलॅस्टिकने ते दाबलं जात नाही. त्रास होतो तो तुला. वळ उठतात, खाज सुटते, आणि पोटावर पट्टा आवळलेला असताना हँडलवर वाकलीस की छातीत जळजळ वाढते, कारण वाढत्या गर्भाशयाने जठर आधीच वर ढकललेलं असतं. आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेव. जांघेच्या वरच्या कडेने मांडीच्या बाहेरच्या बाजूला एक संवेदनेची नस उतरते. घट्ट कंबरपट्टा आणि वाढतं पोट यांच्यामध्ये ती दाबली जाऊ शकते. मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, कधी जळजळतं. तसं झालं तर आधी पट्टा सैल कर. तरीही कमी झालं नाही तर डॉक्टरांच्या कानावर घाल.

आता त्या मोठ्या शॉर्ट्सबद्दल. परत करता येत असतील तर आजच कर. तुझी चूक नाही, कंबर काचली की साइझ वाढवायची हे कुणालाही सुचेल. पण सायकलच्या शॉर्ट्समध्ये साइझ वाढली की नुसती कंबर वाढत नाही. मांडीचा घेर वाढतो, जांघेतली उंची वाढते, बऱ्याचदा पॅडही मोठा आणि रुंद होतो. तुझं पोट वाढलंय, पण मांड्या आणि बसायची हाडं काही दोन साइझने वाढलेली नाहीत. पॅडचं एक मोठं काम हे, की त्याने कातडीला चिकटून राहावं आणि घासायचं ते सीटवर घासावं. तो सैल झाला की पेडलच्या प्रत्येक फेरीला कापड कातडीवर फिरतं, पॅडला घडी पडते आणि तुला आलेत तसे चट्टे येतात. म्हणून शॉर्ट्स घ्यायची ती नितंब आणि मांडीच्या मापाने. पोटाला मोकळं कसं सोडायचं, ते नंतर बघायचं. गरोदरपणात नितंबही थोडे भरतात, त्यामुळे एक साइझ वाढवावी लागली तर हरकत नाही. घालून बघताना आरशासमोर सरळ उभी राहू नकोस. खुर्चीच्या कडेवर बसून पुढे वाक, एकेक गुडघा वर उचल. पॅडला घडी पडली किंवा जांघेत कापड लोंबलं, तर ती शॉर्ट्स तुझी नाही.

पोटाच्या बाबतीत नियम एकच. पट्टा पोटाच्या खाली तरी हवा, नाहीतर पूर्ण वर, छातीच्या खाली तरी. मधोमध नको. विसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भाशय बेंबीपर्यंत पोचतं. नेहमीच्या शॉर्ट्सची कंबर नेमकी तिथेच येते, म्हणून तुला आत्ताच काचायला लागलं. पोटाखाली, पुढून खोलगट उतरणारा मऊ रुंद पट्टा मला सायकलवर जास्त पटतो. वाकल्यावर तो गुंडाळला जात नाही आणि उकडतही नाही. पोट पूर्ण झाकणारं कापड चालताना छान वाटतं, पण पुढे झुकलं की त्याची वरची कड वळकटी होऊन खाली येते. सातव्या महिन्यानंतर मात्र पोटाला आधार हवासा वाटतो. तेव्हा तू हँडल वर घेऊन सरळ बसत असशील, मग तेच झाकणारं कापड बरं वाटू लागेल.

‘प्रेग्नन्सी सायकलिंग’ असा शिक्का मारलेल्या कपड्यांच्या मागे लागू नकोस. असे कपडे थोडेच निघतात, आणि निघतात तेही कधी पॅड टाकाऊ, कधी माप विचित्र. दोन साधे कपडे एकावर एक घातलेस तर काम होतं. आत पातळ जाळीची पॅडवाली शॉर्ट्स, म्हणजे सैल पँटच्या आत घालायला मिळते ती. तिचं कापड पातळ असतं, कंबरपट्टा बारीक आणि मऊ असतो, तो पोटाखाली सहज दुमडून बसतो. तिच्यावर गरोदरपणातली साधी ताणणारी लेगिंग किंवा सायकलिंग शॉर्ट्स, बिनपॅडची. पॅडचं काम आतली करते, पोटाचं बाहेरची. पोट वाढलं की फक्त बाहेरची बदलायची. बाहेरच्या लेगिंगची शिवण जांघेत जाड नाही ना, एवढं बघून घे. आत अंडरवेअर घालायची नाही, पॅड थेट अंगालाच हवा. हे तुला ठाऊक असेलच, पण गरोदरपणात अंगावरून पांढरं जास्त जातं म्हणून पुष्कळजणी पुन्हा अंडरवेअर घालायला लागतात आणि मग तिच्या शिवणीच रुततात.

दुसरा मार्ग शिवणकामाचा. जुनी, अंगाला नीट बसणारी, पॅड चांगला असलेली एखादी शॉर्ट्स असेल तर तिचंच पोट मोकळं करून घ्यायचं. मला हाच उपाय सगळ्यात आवडतो, कारण पॅड आणि मांडी तुझ्या सवयीची राहते. मागचा कंबरपट्टा आहे तसाच ठेवायचा, नाहीतर शॉर्ट्स घसरत राहते. पुढे एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या बाजूच्या शिवणीपर्यंत, मध्ये खोल उतरत जाईल असा अर्धगोल कापून काढायचा आणि तिथे उभं-आडवं दोन्हीकडे ताणणारं मऊ कापड जोडायचं. जुन्या लेगिंगचं कापड चालतं, फक्त त्यात इलास्टेन, म्हणजे आपण ज्याला लायक्रा म्हणतो ते, असायला हवं. नुसतं सुती होजिअरी कापड एकदा ताणलं की लोंबतं. शिवण झिगझॅग किंवा ओव्हरलॉकच हवी. साधी सरळ टीप ताण पडला की तटकन तुटते, आणि ती नेमकी रस्त्यात तुटते. मशीनला होजिअरीची बोथट टोकाची सुई लावायला सांग, साध्या सुईने लायक्राचे धागे तुटून भोकं पडतात. नव्या कापडाची खालची शिवण ओटीपोटावर राहू दे, जांघेच्या घडीत येऊ देऊ नकोस. पॅडच्या आसपास कात्री अजिबात न्यायची नाही. कापायच्या आधी शॉर्ट्स घालून, सायकलवर बसल्यासारखी वाकून, कुठे काचतं तिथे खडूने खूण करून घे. उभ्याने केलेली खूण दोन बोटं चुकते.

बिब शॉर्ट्सचं उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही. खांद्यावरून पट्टे असल्यामुळे कमरेला इलॅस्टिकच नसतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बिब उत्तम. पुढे दोन अडचणी येतात. पोट पुढे आलं की पट्टे खांद्यावर खेचले जातात, भरलेल्या छातीवरून जाताना रुततात. आणि लघवी. तुला आता दर थोड्या वेळाने थांबावं लागत असणार, आणि प्रत्येक वेळी जर्सी काढून पट्टे उतरवायचे म्हणजे शिक्षाच. पाठीमागे चेन किंवा हूक असलेली, पट्टे न उतरवता मागून खाली करता येणारी बिब मिळते. घ्यायचीच तर ती घे, आणि पुढचा भाग खोल कापलेला, जाळीचा असेल अशी बघ. साधी बिब तुझ्याकडे आधीपासून असेल तर वापर, पण नवी विकत घेऊ नकोस.

आता ज्याबद्दल तू विचारलंच नाहीस ते. सगळं खापर कपड्यांवर फोडू नकोस. पोट वाढत जातं तशी तू सायकलवर वेगळी बसायला लागतेस. हँडलपर्यंत पोचताना पोट मध्ये येतं, म्हणून पाठ सरळ होते आणि वजन मागे जातं. मांडी पोटाला लागू नये म्हणून गुडघे बाहेर फाकतात. खूप वाकून चालवणाऱ्यांसाठी बनवलेल्या पॅडमध्ये जाडी पुढच्या बाजूला जास्त असते, आणि सरळ बसणाऱ्यांच्या पॅडमध्ये ती मागे, बसायच्या हाडांखाली असते. म्हणजे तुझा जुना पॅड चांगला असूनही आता चुकीच्या जागी जाड असू शकतो. हँडल वर घेतलंस तर पॅड सरळ बसणाऱ्यांचा घे आणि सीटही जरा रुंद बघ. हँडल वर न घेता नुसती शॉर्ट्स बदलत बसलीस तर पैसे जातील आणि पुढून दुखतच राहील. गरोदरपणात त्या भागात रक्तपुरवठा वाढलेला असतो, सूज येते, काहींना तिथे शिराही फुगतात. तसं जाणवलं तर जाड पॅड शोधत बसू नकोस. काही दिवस सीटपासून लांब राहा आणि डॉक्टरांना दाखव. ओटीपोटाच्या पुढच्या हाडात किंवा मागे कमरेखाली दुखत असेल, विशेषतः पाय उचलून सायकलवर चढताना, तरी तेच. फिजिओथेरपिस्ट आधाराचा पट्टा सुचवतील. तो शॉर्ट्सच्या वरून, पोटाखाली, कुल्ह्यांवर बांधायचा. आत घातलास तर दोन इलॅस्टिकं एकाच जागी काचतात.

जांघेतले चट्टे आधी बरे होऊ देत. पूर्ण बरे होईपर्यंत पॅड नको, सीटही नको. नंतर घासू नये म्हणून क्रीम लावायचं तर बिनवासाचं, आणि पुदिन्यासारखं गारगार करणारं तर मुळीच नको. सायकलवाल्यांची काही क्रीमं मुद्दाम गारवा देणारी असतात, आणि आत्ताच्या तुझ्या नाजूक कातडीला ती झोंबतील. उतरलीस की ओली शॉर्ट्स लगेच काढ. तीच घालून गप्पा मारायच्या नाहीत. गरोदरपणात यीस्टचा, म्हणजे बुरशीचा, संसर्ग एरवीपेक्षा सहज होतो, आणि घामट पॅडसारखी सोयीची जागा त्याला शोधून सापडायची नाही. शॉर्ट्स दर वेळी धुवायची, उलटी करून, पॅड वर ठेवून वाळवायची. कापड मऊ करणारं लिक्विड वापरू नकोस, त्याने धाग्यांवर थर बसतो आणि घाम शोषला जात नाही. म्हणजे कमीत कमी दोन पॅडवाल्या शॉर्ट्स लागणारच. काटकसर करायची तर दुसरीकडे कर, इथे नको. खाज, दह्यासारखं जाणं किंवा लघवीला जळजळ झाली तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांना सांग.

वरचे कपडे सोपे आहेत. जर्सी वर सरकते, कारण तिच्या खालच्या इलॅस्टिकला पोटाचा उतार मिळतो आणि ते आपोआप अरुंद जागेकडे चढतं. नवऱ्याची किंवा भावाची जर्सी माग. पुरुषांच्या जर्सीला लांबी जास्त असते आणि कमरेला आवळलेली नसते. हे फक्त जर्सीला लागू. त्यांची शॉर्ट्स घेऊ नकोस, पॅडचा आकारच वेगळा असतो. जर्सी नसेल तर घाम पटकन वाळणारा सैलसर टी-शर्ट चालेल, मात्र मागून इतका लांब नको की उतरताना सीटच्या टोकात अडकेल. चढता-उतरताना तोल जाण्याची भीती आता जास्त आहे, तेव्हा लोंबणारं, अडकणारं काहीच नको.

स्पोर्ट्स ब्राबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण हिच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. छाती भरतेच, पण बरगड्यांचा पिंजराही रुंदावतो, म्हणून नुसता कप मोठा करून भागत नाही. डोक्यातून घालायची, सगळं दाबून धरणारी ब्रा आता बाजूला ठेव. पाठीमागे हुकांच्या दोन-तीन रांगा असलेली, रुंद पट्ट्यांची, दोन्ही बाजूंना वेगळा आधार देणारी घे. एरवी ब्रा विकत घेताना सगळ्यात सैल हुकावर नीट बसणारी घेतात, पुढे ती ढिली पडली की आतला हूक लावता यावा म्हणून. तू उलटं कर. सगळ्यात घट्ट हुकावर नीट बसणारी घे, म्हणजे पुढच्या महिन्यांत सैल करत जाता येईल. खोल श्वास घेताना पट्टा अडला तर ती घट्टच आहे, दुकानदार काहीही म्हणो.

उकाड्याचा विचार कपडे घेतानाच कर. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, आणि एरवीपेक्षा लवकर उकडायला लागतं. शरीर फार तापू द्यायचं नाही. म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ घाल, वरचा चेन उघडून लगेच काढता येईल असा. सुती कपडा घाम धरून ठेवतो, मग उतारावर वारा लागला की गारठायला होतं. पातळ पॉलिएस्टर किंवा पातळ मेरिनो लोकर बरी. पावसाळी जॅकेटची चेन पोटावर लागत नसेल तर ओढून-ताणून लावू नकोस, मोठ्या मापाचं कुणाचं तरी उसनं घे. पुढे घरात स्टँडवर सायकल चालवायला लागलीस तर कपडे आणखी कमी कर आणि पंखा समोर लाव, कारण तिथे वारा नसतो. पॅड मात्र तिथेही हवा. रस्त्यावर आपण नकळत सीटवरून उठतो, सरकतो. स्टँडवर एकाच जागी बसून राहतो.

पाय सुजतात, तेव्हा बूट संध्याकाळी घालून बघ. खाली वाकून लेस बांधणं लवकरच जमेनासं होईल, म्हणून पट्टीचे घे. पाय अडकवायची पेडल असतील तर आता साधी लाव. मांडीला घट्ट धरणारं शॉर्ट्सचं खालचं इलॅस्टिक खोल वळ उठवत असेल तर ते उसवून घे. आणि हातांना मुंग्या येत असतील तर मऊ गादीचे हातमोजे घाल. गरोदरपणात मनगटातली नस दाबली जाणं फार सामान्य आहे आणि हँडलवर भार दिल्याने ते वाढतं.

घरचे किंवा ऑफिसातले डोळे वटारत असतील तर सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. न्यूझीलंडच्या खासदार ज्युली ॲन जेंटर २०१८ मध्ये महिलाविषयक खात्याच्या मंत्री असताना बाळंतपणासाठी सायकलवरून हॉस्पिटलात गेल्या, आणि २०२१ मध्ये दुसऱ्या बाळाच्या वेळी पुन्हा गेल्या. तू तसं करावंस म्हणून सांगत नाहीये, मीही केलं नसतं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या सल्ल्यात निरोगी गरोदर बाईला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. त्यात जागेवरची सायकल सुरक्षित यादीत आहे, खडबडीत वाटांवरची सायकल टाळायच्या यादीत. धोका पेडल मारण्याचा नाही, पडण्याचा आहे. तोल डळमळायला लागला की कपडे कितीही सुखाचे असोत, रस्ता सोड आणि स्टँडवर ये. रक्त दिसलं, पाणी गेलं, नियमित कळा आल्या, चक्कर आली, छातीत दुखलं, पोटरी दुखून सुजली, किंवा काही श्रम न करताच धाप लागली, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा.

राहिला पैशांचा प्रश्न. पैसे घाल ते दोन ठिकाणी, चांगल्या पॅडच्या आतल्या शॉर्ट्सवर आणि ब्रावर. आतली शॉर्ट्स बाळंतपणानंतरही कामाला येईल. ब्रा मात्र नंतर पुन्हा मापून घ्यावी लागेल, तेव्हा एकदम तीन घेऊ नकोस. लेगिंग स्वस्तातली चालेल, जर्सी उसनी. जुनी शॉर्ट्स लहान झाली म्हणून देऊन टाकू नकोस, पण बाळंतपणानंतर लगेच तीच अंगात यावी असा हट्टही नको. पोट ओसरायला वेळ लागतो. टाके असतील तर सीटवर बसायला डॉक्टरांची परवानगी घ्यावी लागते, आणि सिझेरियन झालं तर व्रण नेमका पोटाखालच्या पट्ट्याच्या जागी येतो. तेव्हा मात्र पोट पूर्ण झाकणारी लेगिंगच बरी, म्हणून तीही एक ठेवून दे.